हत्तीण कुठं ठेवायची हे नंतर, आधी तिचा पाय बघा

जुलै २०२५ मध्ये नांदणीच्या जैन मठातली महादेवी हत्तीण, म्हणजे लोकांची माधुरी, जामनगरच्या वनतारात, रिलायन्स समूहाच्या प्राणी बचाव केंद्रात, गेली आणि निपाणी-चिकोडीपासून कागवाड-अथणीपर्यंत चहाच्या गाड्यांवर दोनच पक्ष उरले. एक म्हणत होता, ‘आमची हत्तीण नेली’. दुसरा म्हणत होता, ‘सुटली बिचारी’. नांदणी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात आहे खरी, पण त्या मठाला मानणारी घरं बेळगाव जिल्ह्यातही गावोगाव आहेत. त्यामुळं तिला हलवायचा मुंबई उच्च न्यायालयाचा १६ जुलैचा निकाल आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानं त्यावर केलेलं शिक्कामोर्तब इकडंही घरातल्या गोष्टीसारखं लागलं. मूक पदयात्रा झाली, लाखांनी सह्या झाल्या, त्याच समूहाच्या मोबाईल कंपनीची सिम कार्डं धडाधड पोर्ट झाली. या गदारोळात हत्तिणीच्या पायाबद्दल बोलणारं माणूस क्वचितच भेटलं. न्यायालयापुढं आलेल्या अहवालांचा भर मात्र तिथंच होता: संधिवात, पायाची कूज, वाढलेली नखं आणि सतत डोकं हलवत राहणं.

माझं मत आधीच सांगतो. मठानं, देवळानं किंवा कुण्या संस्थानिकाच्या वाड्यानं एकटी हत्तीण पाळू नये. मात्र ते मत हत्तिणीला दैवत मानणाऱ्यांच्या विरोधातलं नाही आणि ‘प्राण्यांना मुक्त करा’ अशा फलकांतूनही आलेलं नाही. ते साध्या हिशेबातून आलेलं आहे, आणि तो हिशेब सोडवायला येणाऱ्यांनाही तितकाच लागू आहे.

पायापासून सुरू करू. हत्ती आतून बोटांवर उभा असतो आणि टाचेखाली त्याला चरबीची जाड गादी असते. अडीच-तीन टनांचं वजन त्या गादीवर आणि बोटांवर पसरतं. पुढच्या पायाला बहुधा पाच नखं, मागच्याला चार. नख आणि तळव्याची कातडी आयुष्यभर वाढत राहते. रानात माती, दगड, पाणी, चढउतार यांवर ती वाढेल तितकी झिजते. अंगणात दोन गोष्टी बदलतात: चालणं थांबतं आणि जमीन सपाट होते. मग नखं लांबतात, पुढं वळतात, त्यांच्यात उभ्या भेगा पडतात. तळवा जाड होतो, त्याला खोल चरे पडतात आणि त्यात शेण-मूत साचतं. फरशी किंवा काँक्रीट असेल तर मूत मुरत नाही. हत्तीण एका वेळी कित्येक लिटर मुतते आणि साखळीमुळं त्यातच उभी राहते. भेगेतून जंतू आत जातात, नखाच्या वर कातडीच्या कडेला गळू होतं, ते फुटतं, वरून बरं झाल्यासारखं दिसतं आणि आतल्या आत बोटाच्या हाडापर्यंत पोचतं. हाडाला पू लागला की गोष्ट हाताबाहेर गेली. पाळीव हत्तींच्या मरणाची जी मोठी कारणं जगभर सांगतात, त्यांत पायाचे आजार आणि सांध्यांचे आजार पहिल्या रांगेत आहेत.

मिरवणुकीत झूल घातलेली हत्तीण बघून यातलं काही कळत नाही, कारण झूल पाठीवर असते आणि आपलं लक्ष गंडस्थळावरच्या नक्षीकडं असतं. बघायचं असेल तर सकाळी सहाला जा, अंगण झाडायच्या आधी.

पहिली गोष्ट कुशीवर बघा. रात्री हत्तीण तीन-चार तास आडवी झाली असेल तर एका कुशीला, कानशिलाला माती किंवा वैरणीच्या काड्या चिकटलेल्या असतात. दोन्ही कुशी स्वच्छ असतील तर ती उभ्यानंच पेंगली. असं रोज होत असेल तर बहुतेक वेळा अर्थ एकच: गुडघे आणि मनगटाचे सांधे दुखतात, एकदा बसलं की उठता येणार नाही ही भीती तिला बसू देत नाही. अशी हत्तीण एक दिवस थकून कोसळते आणि मग क्रेन बोलवावी लागते. तीन टनांचा देह एका कुशीवर काही तास पडून राहिला की खालचे स्नायू स्वतःच्याच वजनानं दबून मरायला लागतात.

दुसरी गोष्ट साखळी. एकाच पायाला बांधतात की पाय आलटून पालटून? घोट्याभोवती केस गेलेला, राखाडी चकचकीत पट्टा दिसत असेल तर वर्षानुवर्षं तोच पाय बांधलेला आहे. जखमेवर हळद-तेल लावलेलं असलं तर माहुताला दोष देण्याआधी साखळीची लांबी मोजा. दोन पावलं पुढं आणि दोन मागं एवढीच मोकळीक असेल, तर कितीही माया करणारा माहूत असला तरी ती जखम बरी होणार नाही.

तिसरी गोष्ट शेण. ताजा गोळा काडीनं फोडून बघा. चांगली चावलेली वैरण असेल तर तंतू आखूड आणि एकसारखे असतात. बोटाएवढे लांब, न चावलेले तंतू निघाले तर दाढा खराब आहेत. हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा संच येतात, एक झिजला की मागून दुसरा सरकतो. मऊच खाऊ घातलं तर दाढ नीट झिजत नाही, वेडीवाकडी राहते आणि मागची सरकायला वाट मिळत नाही. वडाच्या, पिंपळाच्या, फणसाच्या सालीसकट फांद्या लागतात त्या यासाठीच. आपल्याकडं मिळतं काय? केळी, गूळ, नारळ, चपात्या, लाडू, बुंदी. एकादशीला येणाऱ्या शंभर लोकांनी दोन-दोन केळी दिली तर त्यांचं पुण्य शंभर जणांत वाटलं जातं, पण पोट एकीचंच फुगतं. कानशिलाजवळचा खळगा खोल गेलेला आणि पाठीचा कणा वर आलेला असेल तर ती उपाशी आहे. पण गोलमटोल, चकचकीत हत्तीण निरोगी असते हा समजही खोटा. वजन वाढलं की सांधे आधी जातात.

चौथी गोष्ट डोलणं. ‘बघा कशी आनंदानं डोलते’ म्हणून लोक मोबाईल काढतात. तोच हेलकावा, तोच कोन, तेवढाच वेळ, मिनिटांमागून मिनिटं चालू असेल तर तो आनंद नव्हे. रानातला हत्ती दिवसातले बारा ते अठरा तास चरण्यात घालवतो. तेवढा वेळ त्याची सोंड, डोकं, पाय कामात असतात. खुंट्याला बांधलेल्या हत्तिणीला वैरण दोन-तीन तासांत संपवून उरलेला दिवस रिकामा जातो, आणि शरीर तीच हालचाल करत राहतं. एकदा जडलेली ही खोड चांगल्या जागी नेल्यावरही पूर्ण जाईलच असं नाही. त्यामुळं वनतारातला डोलणारा व्हिडिओ दाखवून ‘बघा, तिथंही दुःखी’ म्हणणारे आणि मठातला व्हिडिओ दाखवून ‘बघा, किती छळ’ म्हणणारे, दोघंही एकाच खोडीचे दोन पुरावे नाचवत होते.

आता सांभाळायचं म्हणजे काय, ते आकड्यांत. मोठ्या हत्तिणीला दिवसाला दीडशे ते दोनशे किलो हिरवा चारा लागतो. त्यातलं निम्म्याहून कमी पचतं, म्हणून एवढं लागतं. दोनशेनं धरलं तर वर्षाला ७३ टन. बागायती एकरात सुधारित हत्तीगवत वर्षाला साठ ते ऐंशी टन निघतं, म्हणजे एका हत्तिणीच्या नावावर कृष्णाकाठचा एक एकर बारमाही पाण्यासकट लिहून ठेवायचा. नुसतं गवत चालत नाही, फांद्यांसाठी झाडं वेगळी. पाणी रोज शंभर ते दोनशे लिटर पिण्याचं, अंघोळीचं वेगळं. रायबाग-चिकोडी भागात सगळ्यांच्या तोंडी येणारा उपाय म्हणजे उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला. ऊसतोडीत फुकट मिळतं, खरं आहे. पण नुसतं वाडं घातलं की त्यातलं ऑक्झलेट अंगातलं कॅल्शियम बांधून टाकतं, हे म्हशी पाळणाऱ्याला सांगायला नको. चार-पाच महिने वाड्यावर आणि उरलेला काळ भक्तांच्या केळ्यांवर हत्तीण काढणं म्हणजे तिची हाडं खर्ची टाकणं.

माणसं दोन: माहूत आणि कावाडी, म्हणजे त्याचा मदतनीस. दोघांना वर्षभर पगार, सुट्टीला बदली माणूस. इथंच सगळ्यात जास्त घोळ होतो. माहूत कमी पगाराला कंटाळून जातो, नवा येतो, त्याला हत्तीण ओळखत नाही, मग तो अंकुशावर विसंबतो. हत्ती माणसाला मारतो त्याच्या मागं पुष्कळदा ही बदली असते. नांदणीत २०१७ मध्ये मठातल्याच एका व्यक्तीचा हत्तिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाल्याचं न्यायालयीन वादात पुढं आलं होतं. हत्तीण ‘पिसाळली’ म्हणून विषय संपवता येतो, पण पाय दुखणारं जनावर गर्दीत, ताशाच्या आवाजात, तापलेल्या डांबरावर उभं केलं की काय होईल, हे कुठल्याही बैलवाल्याला विचारा.

जमिनीवर उपाय आहे आणि तो महागडा नाही. उभं राहायच्या जागेवरचं काँक्रीट उखडून दोन-अडीच फूट नदीची वाळू टाकायची. एका बाजूला पुरुषभर उंचीचा वाळूचा ढीग ठेवायचा. दुखऱ्या सांध्यांची हत्तीण त्याला टेकून झोपते आणि उठताना त्याचाच आधार घेते. ओली वाळू रोज काढायची, महिन्याकाठी वरचा थर पालटायचा. पाय रोज कोमट पाण्यात, पोटॅशियम परमँगनेटची फिकट गुलाबी छटा येईल एवढीच पूड टाकून, दहा-पंधरा मिनिटं बुडवायचे आणि नंतर कोरडे करायचे. गडद जांभळं पाणी केलं की कातडी भाजते. नखं कानशीनं थोडी-थोडी, दर काही आठवड्यांनी घासायची. वर्षानुवर्षं वाढलेलं नख एका बैठकीत ‘व्यवस्थित’ करायला गेलं की आतला जिवंत भाग उघडा पडतो, रक्त येतं आणि महिन्याभरात गळू. हे काम हत्तींची सवय असलेल्या डॉक्टरनंच करायचं. गायी-म्हशींच्या डॉक्टरला यात ओढू नका, त्याचा दोष नसताना तो अडकतो.

वर्षाला एकदा क्षयाची तपासणी हवी. सोंडेत निर्जंतुक मिठाचं पाणी, सुमारे साठ मिलिलिटर, सोडायचं, सोंड वर धरायला लावायची आणि ते पिशवीत परत झाडून घ्यायचं. असे तीन वेगवेगळ्या दिवशीचे नमुने. क्षय बहुतेक माणसाकडून हत्तीला होतो आणि हत्तीकडून परत माणसाला होऊ शकतो. सोंडेनं डोक्यावर आशीर्वाद घेणाऱ्या रांगेत लहान मुलं असतात, हे इथं सांगून ठेवतो.

एवढं सगळं एखाद्या मठानं केलं, तरी एक गोष्ट पैशानं होत नाही. मादी हत्ती आई-मावशी-बहिणींच्या कळपात जगते. सोबतीला दुसरी हत्तीण नसेल तर माहूत कितीही चांगला असला तरी तो रात्री घरी जातो. माझा विरोध सगळ्यात जास्त इथं आहे. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानं २००९ मध्येच आदेश काढला की प्राणिसंग्रहालयांत हत्ती ठेवू नयेत, त्यांना वनखात्याच्या कॅम्पमध्ये हलवावं. अंमल अर्धवट झाला, पण कारण स्पष्ट होतं: जागा पुरत नाही. जी जागा सरकारी प्राणिसंग्रहालयाला पुरत नाही ती मठाच्या मागच्या अंगणाला कशी पुरेल?

पंचकल्याणकाला, म्हणजे जैन मूर्तिप्रतिष्ठेच्या सोहळ्याला, हत्ती लागतो, हे मान्य. श्रद्धेची चेष्टा करणाऱ्यांना इथं काही मिळणार नाही. पण केरळात त्रिशूर जिल्ह्यातल्या इरिंजादप्पिल्ली देवळानं २०२३ मध्ये यांत्रिक हत्ती उभा केला. सुमारे आठशे किलोचा, विजेवर कान-शेपूट-सोंड हलवणारा, पाठीवर माणसं बसतात. हत्तींच्या मिरवणुकांचं वेड ज्या मुलखात सर्वांत जास्त, तिथं हे झालं. आपल्याकडं पहिल्या वर्षी लोक हसतील, तिसऱ्या वर्षी त्याच्यासोबत सेल्फी काढतील.

कायद्याचं थोडक्यात. पाळीव हत्तीसाठी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ४२ खाली मालकीचं प्रमाणपत्र लागतं. हत्ती विकता येत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनं ‘धार्मिक किंवा इतर’ कारणासाठी हस्तांतर आणि वाहतुकीला वाट मोकळी केली आणि २०२४ मध्ये त्याचे नियम आले. सीमाभागातली मेख अशी की कागवाडहून मिरज हाकेच्या अंतरावर, पण मध्ये राज्याची हद्द आहे. इकडच्या गावातल्या उत्सवाला तिकडचा हत्ती ‘नेहमीसारखा’ आणला, तरी कायद्याच्या लेखी ते आंतरराज्य वाहतूक ठरतं आणि त्याला वनखात्याची लेखी परवानगी लागते. पंच आणि उत्सव कमिट्या इथंच फसतात. तोंडी ‘साहेबांना सांगितलंय’ याला किंमत नाही.

आता दुसऱ्या बाजूकडं वळू. कार्यकर्ते येतात, व्हिडिओ काढतात, याचिका जाते, ट्रक येतो. हत्तीच्या बाबतीत ट्रकचाच प्रवास सर्वांत धोक्याचा. नांदणीहून जामनगर हजारभर किलोमीटर. सांधे दुखणाऱ्या जनावराला इतका वेळ हलत्या ट्रकमध्ये उभं राहायचं म्हणजे प्रत्येक ब्रेकला तोल सावरायचा. नीट वाहनात, वाळूच्या बिछान्यावर, मध्ये थांबे घेत, डॉक्टर सोबत ठेवून ते होऊ शकतं. २०१४ मध्ये जोतिबाच्या ‘सुंदर’ नावाच्या हत्तीला उच्च न्यायालयाच्या आदेशानं बंगळूरच्या बन्नेरघट्टाला नेलं, तो प्रवासही मोठा होता आणि पार पडला. प्रश्न असा की जवळ सोय का नव्हती? महादेवीच्या वेळी आधी हत्तीण गेली, मग लोक रस्त्यावर आले आणि त्यानंतर नांदणी भागातच पुनर्वसन केंद्र उभारायची भाषा सुरू झाली. क्रम उलटा हवा होता. आधी वर्षभर मठासोबत बसून, माहुताला सोबत घेऊन, दुसरी हत्तीण आणि मोकळी जागा जवळपास कुठं मिळेल हे बघितलं असतं तर निकालाच्या दिवशी पोलीस बंदोबस्त कमी लागला असता. वनतारावर सर्वोच्च न्यायालयाच्या विशेष पथकानं चौकशी केली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये कायदेशीर बाजूनं त्याला निर्दोष ठरवलं. कायदेशीर ठरलं म्हणून हजार किलोमीटर लांब जाणं हाच एकमेव मार्ग होता असं होत नाही.

गायी-बैल-घोड्यांच्या बाबतीत तर सोडवणाऱ्यांची घाई फारच नडते. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा. कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. होय, आजही. म्हणून कुणी ओरडलं तरी मालक घाबरत नाही, घाबरतो तो जनावर जप्त होण्याला. जप्त झालेलं जनावर कायद्याच्या लेखी मुद्देमाल. २०१७ चे नियम आहेत, त्यानुसार खटला चालेपर्यंत ते गोशाळेत किंवा पांजरपोळात जातं आणि खर्च मालकाकडून वसूल करायचा असतो. वसूल व्हायला वर्षं जातात, तोवर वैरणीचं बिल गोशाळा भरते. शंभर जनावरांच्या शेडमध्ये अडीचशे झाली की चिखल, खुरकूत, लाळेची देवाणघेवाण, आणि रस्त्यावर वाचलेलं वासरू तिथं मरतं. ज्यांनी ट्रक अडवला ते तोवर दुसऱ्या नाक्यावर असतात.

तक्रार करायची तर नीट करा. व्हिडिओ तुकड्यांत कापू नका. सलग, सुरुवातीला जागेची ओळख पटेल असा (दुकानाची पाटी, किलोमीटरचा दगड), तारीख-वेळ दिसेल असा. कुणाच्या कंपाउंडमध्ये शिरू नका, नाहीतर उलटा गुन्हा तुमच्यावर. सरकारी पशुवैद्यकाचा दाखला त्याच दिवशी मिळवायचा प्रयत्न करा. जखम आठवड्यानं भरते आणि पुरावा जातो. त्याच १९६० च्या कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांत खटला दाखल व्हावा लागतो. इथंच सगळ्यात जास्त प्रकरणं बाद होतात, कारण पोलीस ठाण्यात अर्ज देऊन लोक वाट बघत बसतात. अवयव तोडणं, जीव घेणं, विष घालणं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लावायला सांगा, त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि बेळगाव जिल्ह्यात अर्ज कन्नडमधून लिहून न्या. भाषेचं भांडण आपण जन्मभर लढू, पण लंगड्या घोड्याचा कागद त्या भांडणात टेबलावर पडून राहता कामा नये. मराठी प्रत सोबत जोडा, पोच घ्या. आजारी जनावरासाठी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक १९६२.

बेळगावजवळच्या भुतरामहट्टीच्या राणी चन्नम्मा प्राणिसंग्रहालयाकडं बघितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या ३८ काळविटांपैकी ३१ काही दिवसांत मेली. कारण निघालं घटसर्प. गावाकडं गळघोटू म्हणतात तोच. म्हशी-गायींना होणारा, पास्चुरेल्ला नावाच्या जंतूचा. घशाखाली सूज, ताप, श्वास घरघरणं आणि बारा-चोवीस तासांत शेवट. हरणवर्गात तर सूज दिसायच्या आधीच जनावर पडलेलं सापडतं. हा जंतू निरोगी दिसणाऱ्या म्हशीच्या घशात गुपचूप बसून असतो. हवा बदलली, ओल झाली, गर्दी झाली, अंगावर ताण आला की उसळतो.

घटना घडली की ‘डॉक्टर काय झोपले होते का’ असा सूर लागतो. अडचण खोल आहे. गोठ्यातल्या म्हशीला पावसाळ्याआधी मे-जूनमध्ये लस टोचणं सोपं. काळवीट हातात येत नाही. पळवून पकडलं तर स्नायू फुटतात, लघवी काळसर होते आणि लस टोचलेलं जनावर दोन दिवसांनी त्या पळण्यानं मरतं. म्हणून शहाणी पद्धत अशी की कळपाच्या भोवती कडं उभारायचं: आसपासच्या खेड्यांतल्या प्रत्येक गायी-म्हशीला वेळेवर लस, संग्रहालयात येणाऱ्या हिरव्या चाऱ्याचा उगम माहीत असणं, ज्या कर्मचाऱ्याच्या घरी जनावरं आहेत त्याचे बूट आणि कपडे फाटकातच बदलणं, प्रत्येक खोड्याच्या (जनावरांच्या कुंपणाच्या) दाराशी जंतुनाशकाचं पाय बुडवायचं टाकं आणि ते रोज बदलणं. टाकं असतं बहुतेक ठिकाणी. त्यात पावसाचं पाणी आणि पालापाचोळा असतो. शिवाय कळप दोन-तीन खोड्यांत विभागून ठेवायचा, पाण्याची कुंडं वेगळी. सगळे एका कुंडावर पीत असतील तर पहिलं जनावर मेलं तेव्हाच बाकीच्यांचं ठरून गेलेलं असतं. पकडायची वेळ आलीच तर निमुळत्या होत जाणाऱ्या कुंपणात आठवडाभर चारा टाकून त्यांना आपण होऊन आत येऊ द्यायचं, मागून कापडी पडदा सोडायचा. दोरी आणि धावपळ नको.

नैतिकतेचा भाग इथं वेगळा निघतो. काळवीट हे माळरानाचं जनावर. आपल्या बाजूला हावेरीतलं राणेबेन्नूर अभयारण्य त्यांच्यासाठीच आहे. संग्रहालयात त्यांची पैदास जोरात होते, जागा तेवढीच राहते आणि शाळेच्या सहली खूश होतात. वाघ-सिंहाच्या पिंजऱ्यापुढं आपण हळहळतो. ज्याच्याकडं फारसं कुणी थांबून बघत नाही त्या हरणांच्या खोड्यात दाटी सर्वांत जास्त असते, हे मला त्या मृत्यूंपेक्षा जास्त खटकतं. नर वेगळे करणं, पैदास थांबवणं हे कंटाळवाणं काम आहे, त्याचं उद्घाटन होत नाही.

राघूचं प्रकरण घरातलं असल्यामुळं त्याबद्दल कुणी मोर्चा काढत नाही. शहापूर, वडगाव, खानापूरच्या कुठल्याही गल्लीत एखाद्या ओसरीवर पिंजरा टांगलेला असतो. कंठवाला पोपट, वन्यजीव कायद्याच्या परिशिष्ट दोनमध्ये. पाळणं गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड. परदेशी बजरीगर किंवा कॉकटील पाळायला तो कायदा आड येत नाही. पकडला जातो तो फेरीवाला क्वचित, आजी बहुधा. पिंजऱ्यातला पक्षी मिरची, डाळ-भात आणि बिस्किटावर असतो. ‘अ’ जीवनसत्त्व मिळत नाही, नाकपुड्या चिकटतात, चोच वाढते, पिसांची चमक जाते. पंचवीस वर्षं जगू शकणारा पक्षी सहा-सात वर्षांत जातो.

पण याहून वाईट म्हणजे दया येऊन त्याला भीमगडच्या रानात सोडून येणं. पंख कापलेला असेल तर नवी पिसं वर्षातून एकदाच, पिसं झडताना येतात. कापलेल्या पिसाचा खुंट उपटू नका. पिसं आली तरी छातीचे स्नायू नाहीत, पन्नास फुटांवर तो बसतो आणि कावळे किंवा शिक्रा त्याला उचलतात. योग्य क्रम असा: पंधरा-वीस फूट लांबीच्या जाळीच्या खोलीत इतर राघूंसोबत दोन-तीन महिने, आहारात पेरू, शेवग्याची फुलं, मक्याची कोवळी कणसं, भिजवलेले हरभरे, माणसाचं बोलणं बंद. खोलीच्या टोकापासून टोकापर्यंत न थांबता उडू लागला की थव्याच्या मुक्कामाच्या झाडाजवळ संध्याकाळी नको, पहाटे दार उघडायचं आणि आत खाणं ठेवून दार पंधरा दिवस तसंच उघडं ठेवायचं. ‘मिठ्ठू’ म्हणायला शिकलेला आणि माणसाच्या खांद्यावर बसणारा म्हातारा पक्षी यातून जाणार नाही. त्याला वनखात्याच्या हवाली करून मोठ्या जाळीत जोडीदार मिळवून देणं हाच मार्ग, मग त्याला कैद म्हणा.

शर्यतीच्या बैलांवर दोन शब्द, कारण विचारणारे विचारतातच. २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाची बंदी, २०१७ ला शर्यतींना वाट देणारी कर्नाटकाची दुरुस्ती, १८ मे २०२३ ला घटनापीठानं ती उचलून धरली. कायद्याचं संपलं. मैदानावर बघायचं ते हे: शेपटीचे मणके हातानं चाचपा, मोडून जुळलेली गाठ लागली तर शेपूट पिळून पळवलेला आहे. पुठ्ठ्यावर, म्हणजे मागच्या मांसल भागावर, केसांत लपलेले आरीच्या (टोचणीच्या) टोकाचे ठिपके बघा. वेसणीच्या भोकात ताजं रक्त बघा. फेरी संपल्यावर अर्ध्या तासानंही तोंड उघडं, जीभ बाहेर आणि श्वास मिनिटाला साठच्या वर असेल तर बैलाला ऊन लागलंय. सावलीत नेऊन पाय, पोट आणि मानेवर पाणी मारत राहा, डोक्यावर एकदम बर्फाची बादली नको. खिल्लार टिकलंय ते शर्यतीमुळं, हा दावा अर्धा खरा आहे: शर्यत टिकवते ती पळाऊ खोंडं. त्यांची गाय आणि न पळणारं वासरू कुठं जातं, ते शर्यतीच्या कमिटीनं जत्रेच्या पावतीपुस्तकात एक रकाना वाढवून लिहायला सुरुवात करावी.